समुद्राखालचा खडक आणि माझा विळा

"तिला उठून लुगडं झटकायला सांग."

हे तो माझ्याशी बोलला नाही. दारात उभा होता, डोक्यावर साहेबी टोपी, नाकाला रुमाल. मराठी त्याच्या आईची भाषा, चांगलं घोळलेलं मराठी बोलायचा. पण मला नाही सांगितलं. शेजारच्या चष्मेवाल्याला सांगितलं. चष्मेवाल्याने पाटलाकडे बघितलं, पाटलाने शिपायाकडे, आणि शिपाई मला म्हणाला, "ऊठ गो. झटक."

मी बाळंतीण होते. पोरीची पाचवी अजून व्हायची होती. अंगात ताकद नाही, खालून रक्त जातंय, खोलीत शेगडीचा धूर. त्या खोलीत तेवढे दिवस नवरासुद्धा पाय टाकत नाही. आणि दारात चार पुरुष.

मी उठले. भिंतीला धरून उठले, ओचा सोडला आणि लुगडं झटकलं. काय पडणार? रक्ताचं फडकं पडलं. दुसरं काही नाही. चष्मेवाल्याने मान फिरवली. टोपीवाल्याने नाही फिरवली. तो जमिनीकडे बघत होता, लोखंड पडतंय का ते.

मग शिपायाने काठीने पोरीच्या डोक्याखालची चिंध्यांची उशी सरकवली. पोर रडायला लागली. उशीखाली विळा. शिपाई "सापडला!" म्हणून असा ओरडला की बाहेर अंगणात जमलेल्या बायका दचकल्या. पाटील म्हणाला, "मी म्हणत नव्हतो साहेब? ही लोकं लबाड."

आणि टोपीवाला म्हणाला, "चोर."

विळ्याला कुणी हात लावला नाही. बाळंतिणीच्या खोलीतला तो, विटाळ झाला असता. काठीने ओढत ओढत उंबऱ्याबाहेर नेला. विटाळ फक्त विळ्याला होता. मला बघायला नव्हता.

ही माणसं कोण ते सांगते. मुंबईची, युनिव्हर्सिटीची. टोपीवाला प्रोफेसर, चष्मेवाला त्याचा असिस्टंट. आगरदांड्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरले, पेट्या बैलगाडीत घातल्या आणि आमच्या कोळीवाड्याच्या अंगाला किनाऱ्यावर तंबू ठोकला. काशीदच्या अलीकडे आमचं गाव, नाव नाही सांगत. नाव सांगितलं की पाटील म्हणेल बदनामी केली.

कशाला आले ते कुणी धड सांगेना. मिठाच्या सत्याग्रहाची गडबड होऊन फार दिवस झाले नव्हते, टोपी दिसली की माणसं घरात शिरायची. कुणी म्हणालं, इथं बंदर करणार, आपल्याला हाकलणार. कुणी म्हणालं, बुडालेलं गलबत शोधतायत, त्यात सोनं आहे. आमच्या आळीतला एक म्हातारा तर रोज सकाळी तंबूसमोर जाऊन बसायचा, सोनं निघालं तर पहिला आपल्याला दिसावं म्हणून. थंडीने आजारी पडला मेला, पण उठेना. मी तेव्हाच म्हटलं होतं, सोनं असतं तर एवढ्या उघड्यावर आले नसते. दुसरंच काहीतरी असणार. आपल्या दारात येऊन गोड बोलणाऱ्या शहरी माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं मासळीचं माप घेणारे दलालसुद्धा आधी गोडच बोलतात.

शेवटी कळलं ते नवऱ्याकडून. त्यांच्या पेटीत एक सुई होती. ती सुई समुद्राच्या तळाखाली काय आहे ते सांगते म्हणे. पण जवळ लोखंड आलं की बिथरते. म्हणून त्यांना होडी पाहिजे होती बिनलोखंडाची. आता सगळ्या होड्या खिळ्यांच्या. बिनखिळ्याची आसपासच्या गावांत एकच उरलेली, आमची. सासऱ्यांच्या हातची, फळ्या काथ्याने शिवलेली. दर साली टाके उसवायचे, फळ्यांना तेल पाजायचं आणि नव्या काथ्याने परत शिवायची. काथ्या वळायचं काम बायकांचं, म्हणजे सासूचं आणि माझं. तळहाताची सालं निघतात त्यात. लोक हसायचे आम्हाला, म्हणायचे खिळे मारा की, गोधडी काय शिवताय. तीच गोधडी प्रोफेसराला हवी झाली.

नवरा खूश झाला. त्याला वल्हवायला ठेवलं, दगडाचा नांगर आणि शिशाचं वजन बांधलेली लांब दोरी टाकून खोली मोजायला ठेवलं. कमरेचा चाकू काढून ठेवावा लागला त्याला, करगोट्याचा लोखंडी छल्लासुद्धा. तो म्हणायचा, "सायेब मना होडीचा कप्तान म्हनतो." मी म्हटलं, "म्हनंल. होडी तुजी हाय तवर म्हनंल."

एक सुई तंबूत, एक होडीत. तंबूतली सुई वेडीवाकडी वागायला लागली तसा पाटलाने दवंडी पिटली. कोळीवाड्यातलं सगळं लोखंड उचलायचं. कोयते, गळ, अडकित्ते, चुलीवरचे तवे, नांगर, दाराच्या कड्यासुद्धा. गाडीत भरून पाटलाच्या वाडीवर नेऊन टाकलं. कोयत्याशिवाय कोळणीने काय करायचं? मोठी मासळी कापता येईना, खारवता येईना. सुरमई, घोळ तशीच्या तशी पडून सडली. बायका शिंपल्याने खवलं काढत बसल्या आणि प्रोफेसराला शिव्या देत बसल्या. प्रोफेसर लांबून जाताना बघायचा आणि नाक दाबायचा. वास तुझ्यामुळेच सुटला ना बाबा!

एवढं करूनही सुई सुधरेना. मग त्याच्या डोक्यात भरलं की आम्ही लोखंड लपवतोय. एकेका घरात शिरायला लागले. कणगीत हात, अंथरुणात हात. शेवटी आमच्या घरात.

विळा मी लपवला नव्हता. तो तिथंच होता जिथं असायला हवा. आमच्यात पोर जन्मलं की त्याच्या उशाशी लोखंड ठेवतात. पाचवीच्या रात्री सटवाई येते, आणि बाराव्या दिवसापर्यंत कुणाची वाईट नजर, कुणाची सावली, कशाचा भरवसा नसतो. माझ्या आईने माझ्या उशाशी ठेवलं होतं, तिच्या आईने तिच्या. हे खरं का खोटं ते मला विचारू नका. तुम्हीही दारावर काहीतरी बांधताच की. ज्याच्या घरात नवं पोर असतं त्याला कशाचा तरी आधार लागतो. माझा आधार तो विळा.

तो गेला. पाचवी लोखंडाशिवाय झाली. सासूने पाटा मांडला, दिवा लावला, आणि विळ्याच्या जागी काय ठेवावं ते तिला सुचेना. शेवटी माशाचा काटा ठेवला. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी पोर तापली.

ताप असा की हात ठेववेना. दूध ओढेना. डोळे फिरवायची. सासू कोपऱ्यात बसून एकच बोलायची, "तूच दिलास. तूच उठलीस. नसती उठलीस तर काय खाल्ला असता त्यांनी तुना?"

मग मी नवऱ्याकडे वळले. मी म्हटलं, "सायबाला सांग, विळा दे म्हनून. पोरीसाठी." तो म्हणाला, "आता कसा सांगू? कामावर हाय मी त्यांचे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडी घेऊन गेला. पोर तापाने फणफणतेय आणि हा सुईला समुद्र दाखवायला गेला.

पोर जगली. आपणहून जगली. ताप उतरला, दूध ओढलं. पण सासूचं बोलणं उतरलं नाही. पोरीला शिंक आली तरी ती माझ्याकडे बघायची. आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं. आपणच उठलो. आपणच झटकलं. टोपीवाला म्हणाला चोर, आळीतल्या बायका म्हणाल्या हिच्यापायी समद्यांची झडती झाली, सासू म्हणाली आईच वैरीण. सगळ्यांचं बोट एकीकडेच. एवढी माणसं म्हणतात म्हणजे असेल, असं वाटायचं. विहिरीवर गेले की मी सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायची.

थंडी सरता सरता ते तंबू उचलून निघून गेले. लोखंड पाटलाच्या वाडीवर दवाने गंजून पडलेलं. माझा कुठला तुझा कुठला यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला उठल्या. माझा विळा मिळाला तेव्हा त्याची मूठ फुटलेली.

एक वर्ष गेलं असतं तर कदाचित विसरले असते. पण वर्ष जाऊ दिलं नाही त्यांनी.

नवरात्र संपलं आणि चष्मेवाला आला. एकटाच. हातात खडीसाखरेचा पुडा, पोरीसाठी म्हणे. मी पुडा घेतला नाही, सासूने घेतला. ओटीवर बसला. आमची शिवलेली होडी अंगणात उसवून पडलेली, फळ्या सुट्या, आणि सासू नि मी काथ्या वळत होतो. नवरा त्याच्यासाठी चहा करायला सांगत होता. एवढी गोडीगुलाबी बघून मला वाटलंच, आता काहीतरी मागणार.

चष्मेवाला आनंदात होता. आनंदात माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. म्हणाला, "तुमच्या गावाचं नशीब उघडलं. सरांचं नाव झालंय. मोठ्या सभेत निबंध वाचला त्यांनी."

नवरा म्हणाला, "सोना घावला?"

"सोनं कसलं! खडक. तुमच्या कोळीवाड्यापासून पार समुद्राखाली गेलाय काळा खडक, त्यातच लोखंडाचा अंश आहे. सुई फिरत होती ती त्याच्यामुळे. आधी आम्हाला वाटलं चूक होतेय. सरांनी परत परत मोजलं तेव्हा कळलं, चूक नाही, हाच शोध. असं काम या बाजूला कुणी केलं नव्हतं. युनिव्हर्सिटीत आता याचं वेगळं खातं निघेल. समुद्राखालच्या जमिनीचा अभ्यास. आणि सुरुवात कुठून झाली म्हणून लिहितील? तुमच्या किनाऱ्यापासून."

माझे हात थांबले. म्हटलं, "खडकानं सुई फिरली?"

"हो."

"मंग माजा विळा?"

त्याला आधी आठवेना. मग आठवलं, आणि हसला. वाईट नाही हसला. आपण लहान पोराला हसतो ना, तसा. म्हणाला, "अगं, तुझ्या विळ्याने काय होणार होतं? तंबू कुठे, तुझं घर कुठे. एवढ्या लांबून विळ्याने सुई हलत नाही."

"ह्ये तवा म्हाईत होता?"

"मला माहीत होतं."

"मंग उचलला कशाला?"

"सरांना संशय होता. त्यांना कोण सांगणार?"

"आन खडक हाय म्हनून कळला, तवा येऊन सांगितला का न्हाय? का आमी चोर न्हाय म्हनून?"

खरंच त्याला प्रश्न कळला नव्हता. म्हणाला, "त्यात सांगायचं काय?"

बस. तेवढ्यात मला सगळं दिसलं. हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण आम्हाला काही सांगायचं असतं, हेच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. समुद्राच्या तळाखालचा दगड त्यांना कळला. दारातली बाई नाही कळली. आणि मी एवढे महिने विहिरीवर मान खाली घालून पाणी भरत होते! कुणासाठी? त्याच्या संशयासाठी? माझ्या अंगाला आग लागली. रडू आलं ते रागाने आलं, आणि मी ते त्याच्यासमोर पुसलं नाही.

तो उठता उठता म्हणाला, "दिवाळीआधी सर येतायत. खडक कुठपर्यंत जातो ते मोजायचंय. होडी शिवून ठेवा. आणि लोखंड या वेळी तुम्हीच आपणहून पाटलाकडे नेऊन द्या, म्हणजे कटकट नको."

नवरा म्हणाला, "व्हय सायेब."

मी म्हटलं, "न्हाय."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होडी शिवायची न्हाय. काथ्या मी वळलाय. ह्यातला एक धागा मी देनार न्हाय."

"तुजे बापाची होडी हाय काय?" नवरा ओरडला.

मी सासूकडे बघितलं. मला वाटलं, आता ही त्याच्या बाजूने तोंड सोडणार. म्हातारी खडीसाखरेचा पुडा हातात धरून बसली होती. तिने तो पुडा ओटीवर चष्मेवाल्याच्या पायाशी ठेवला. मग काथ्याचं अख्खं वेटोळं दोन्ही हातांनी ओढत घरात नेलं आणि त्याच्यावर जाऊन बसली. त्या दिवसानंतर पोरीला शिंक आली तरी माझ्याकडे बघितलं नाही.

दिवाळीआधी प्रोफेसर आला. होडी सुटीच पडलेली. पाटील आला, शिपाई आला, मागून अर्धा गाव आला. प्रोफेसर अंगणात उभा राहिला आणि चष्मेवाल्याला म्हणाला, "तिला समजाव. म्हणावं, हे विद्येचं काम आहे."

मी म्हटलं, "मना मराठी समजते. त्यालाबी येते. त्यानं माज्याशी बोलावा."

पाटील म्हणाला, "तोंड सांभाळ."

"सांभालूनच बोलतेय. पाटील, तुमी मधी नका येऊ."

प्रोफेसराने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "काय पाहिजे तुला?"

पैसा मागेन असं त्याला वाटलं असणार. हात खिशाकडे गेलाच होता. मी म्हटलं, "मना तुमचे पैसे नको. तुमी आमचे घरान शिरलात, मना चोर म्हनलात. खडक आमी लपवला नव्हता, दर्यानं लपवला व्हता. आता ह्या समद्यांसमोर सांगा, चूक झाली म्हनून. मंग होडीचा बघू."

तो चष्मेवाल्याकडे वळला. इंग्रजीत काहीतरी बोलला. मग मराठीत म्हणाला, "यात चूक कसली? शास्त्रात संशय घ्यावाच लागतो. प्रत्येक गोष्ट तपासावी लागते."

"परतेक?"

"प्रत्येक."

"मंग आमालाबी संशय हाय," मी म्हटलं. "तुमचे खिशान चाकू असंल, पट्ट्यालं कडी असंल. सुई त्यानंबी फिरत असंल. कोनी बघितला? तुमी पाटलोण उतरा आनि झटका. आमी समद्या बायका हितं उभ्या हाव. मान फिरवनार न्हाय, लोखंड पडते का तेच बघू."

मग मागून कुठल्यातरी बाईचं हसू फुटलं, आणि मग सगळ्या. ज्या मला विहिरीवर मागे ठेवायच्या, त्याही. पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "झटका सायेब, झटका!" एकजण ओरडली. सोन्याची वाट बघणारा म्हातारासुद्धा हसायला लागला.

प्रोफेसर लाल झाला. शिपाई पुढे सरकला आणि थांबला, बायका बऱ्याच होत्या. प्रोफेसर वळून गेला. चप्पल घालायचीही शुद्ध नाही म्हणतात तसा, भराभरा गेला. चष्मेवाला मागे थोडा रेंगाळला. मग तोही त्याच्या मागून गेला.

पुढे त्यांनी दुसरीकडून होडी मिळवली असेल, नसेल. मला माहीत नाही. खडक तिथंच आहे, मोजू देत. माझं खडकाशी भांडण नाही, मोजण्याशीही नाही. कुणी येऊन नीट बसून सांगितलं असतं की बाई, असं असं आहे, तुझ्या होडीची गरज आहे, तर मी स्वतः टाके घातले असते. पोरीचं बारसं होईपर्यंत थांबा, एवढंच म्हटलं असतं.

आता झालं काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाई जिंकली. पाटलाने आमची वाळवणाची जागा काढून घेतली. किनाऱ्यावर जिथं सासरा बोंबील टांगायचा, सासऱ्याचा बाप टांगायचा, ती. म्हणाला, जागा सरकारी आहे. बोंबील ऐन हंगामात आहेत आणि आम्ही ते ओले, मिळेल त्या भावाने दलालाच्या टोपलीत ओततोय. तळा गावच्या बाजारात न्यायला या साली माझ्याकडे सुकी मासळी नाही. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जातो, माझ्याशी बोलत नाही. भाकरी समोर ठेवली की खातो आणि उठतो. हसलेल्या बायकांतल्या दोघी-तिघी आता मला बघून वाट बदलतात, त्यांनाही जागा टिकवायची आहे. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्यावर भरवसाही ठेवत नाही.

काल शिपाई निरोप घेऊन आला. चावडीवर ये, पाटलाच्या पाया पड, साहेबाबद्दल बोलले ते चुकलं म्हण. जागा परत मिळेल. सोपं आहे म्हणाला तो. दोन शब्द तर बोलायचे.

नवरा ओटीवर होता. किती दिवसांनी तोंड उघडलं त्याने. म्हणाला, "बोलून टाक."

मी रात्रभर विचार केला असं नाही. विचार करण्यासारखं त्यात काय होतं? माझ्याकडून चुकलं असतं तर मी पाया पडले असते, अंगणातल्या कुत्र्याच्याही पडले असते. पण ज्याने चूक केली तो मुंबईला बसलाय, त्याला कुणी चावडीवर बोलावत नाही. एकदा त्यांनी ऊठ म्हटल्यावर मी उठले, तेव्हा बाळंतीण होते, एकटी होते, भ्यायले होते. आता अंगात रक्त आहे. आणि माझी पोर आता चालते, माझ्या मागेमागे सगळीकडे येते, मी काय करते ते बघते.

मी शिपायाला सांगितलं, "पाटलाला जाऊन सांग. चावडीवर मी येनार न्हाय. उद्या सकाली बोंबील आमचे जाग्यावरच टांगनार. दर्याचे काठाला, दिसा उजेडी. काढायचे असतील तर सोता येऊन काढ, कुनाची काठी पाठवू नको. आन जवा काढशील, तवा परत टांगनार."

बांबू मी रोवून आलेय.

आज भरती उतरली की होड्या लागतील. सासूने टोपल्या धुऊन ठेवल्यात. नवरा येईल का नाही, ठाऊक नाही. बायका येतील का नाही, ठाऊक नाही. मी टांगणार आहे.